बोटीचा भोंगा आणि टेइदेचे शिखर

पर्वताला घाई नसते आणि आगबोटीला थांबणे ठाऊक नसते. या दोघांची गाठ एकाच दिवसात घालून देण्याचा प्रसंग आला म्हणजे प्रवाशाच्या योजकतेची खरी कसोटी लागते. पर्यटनाच्या मोठ्या बोटीतून सहकुटुंब सफर करणाऱ्यांवर हा प्रसंग वारंवार येतो. बोट सकाळी बंदराला लागते व सायंकाळी सुटते. मधल्या आठ-नऊ तासांत जवळचे एखादे उत्तुंग शिखर पाहून येता येईल काय, असा प्रश्न मंडळींत निघतो. तरुणांचा उत्साह अनावर असतो, वडीलधाऱ्यांना काळजी वाटते आणि बहुधा नीट विचार न होताच निघण्याची वेळ येऊन ठेपते. तो विचार कसा करावा, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी बेटे आहेत. त्यांपैकी टेनेरिफे हे सर्वांत मोठे. त्याच्या मध्यावर टेइदे हा ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच उभा असून साऱ्या स्पेनमध्ये याहून उंच शिखर नाही. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी टेइदेचा माथा वर उरतोच. बेटावरील अखेरचा उद्रेक १९०९ साली झाला. पर्वताभोवतीचा प्रदेश १९५४ पासून राष्ट्रीय उद्यान असून २००७ मध्ये त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. पर्यटकांच्या बोटी पायथ्यापासून दूर, सांता क्रूझ बंदरात लागतात.

बोट बंदरात असताना हे शिखर गाठण्याची हौस आजकालची नव्हे. १७९९ च्या जून महिन्यात जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आपला सहकारी बाँप्लाँ याच्यासह ‘पिझारो’ या स्पॅनिश गलबतातून दक्षिण अमेरिकेस निघाला होता. १९ तारखेस गलबत सांता क्रूझला लागले. समुद्रावर इंग्रजांच्या लढाऊ जहाजांचा पहारा असल्याने मुक्काम चार-पाच दिवसांहून फारसा लांबणार नाही, असे कप्तानाने बजावले होते. हुम्बोल्टने वेळ दवडला नाही. ओरोताव्हाच्या बाजूने त्याने चढण धरली, डोंगरावर थंडीत रात्र काढली, शिखर गाठले आणि २५ तारखेस गलबत सुटले तेव्हा तो त्यावर होता. वर चढताना वनस्पतींचे पट्टे कसे पालटत जातात, हे त्याने बारकाईने टिपले. पुढे वनस्पतिभूगोलाच्या शास्त्राला त्याने जो पाया घातला, त्यात या चढणीचा वाटा मोठा आहे.

याच हुम्बोल्टचे ग्रंथ वाचून एका तरुण इंग्रजाला टेनेरिफेचा ध्यास लागला. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. त्याने या प्रवासाचे बेत रचले, स्पॅनिश भाषेचे धडेही गिरवले. १८३२ च्या जानेवारीत ‘बीगल’ जहाज सांता क्रूझसमोर आले. परंतु इंग्लंडात पटकीची साथ असल्यामुळे बारा दिवस कोणी किनाऱ्यावर उतरू नये, असा हुकूम निघाला. कप्तान थांबावयास तयार नव्हता. जहाजाने शिडे उभारली आणि डार्विनला टेइदेचे दर्शन दुरूनच घ्यावे लागले. बंदरातल्या प्रवाशाच्या वाट्याला हुम्बोल्टचा दिवस येईल की डार्विनचा, हे सर्वस्वी त्याच्या हाती नसते. हाती असते ती पूर्वतयारी. वेळ, वाट, वारा आणि प्रकृती या चार गोष्टींचा निर्णय बोटीवरून उतरण्यापूर्वीच झाला पाहिजे.

प्रथम वेळ. दिवसाचा हिशेब सकाळपासून पुढे मांडू नये. बोट सुटण्याच्या क्षणापासून मागे मांडावा. समजा, बोट आठला लागून पाचला सुटणार आहे. प्रवाशांनी साडेचारपर्यंत बोटीवर हजर असावे, असा नियम असणार. त्यापूर्वीचा दीड तास अडीअडचणीसाठी राखून ठेवला, तर तीन वाजता धक्क्यावर परतले पाहिजे आणि त्यासाठी दीड वाजता डोंगर सोडला पाहिजे. ही दीडची वेळ म्हणजे लक्ष्मणरेषा समजावी. आणखी एक बारीक गोष्ट: कॅनरी बेटांचे घड्याळ स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा एक तास मागे असते. बोटीवरील घड्याळ कोणत्या वेळेप्रमाणे चालते, याची विचारणा करूनच उतरावे.

दुसरी गोष्ट वाट. सांता क्रूझहून ला लागुना, एस्पेरान्सा येथील पाइनचे अरण्य आणि डोंगराची धार या मार्गाने रोपवेचे खालचे स्थानक सुमारे साठ किलोमीटर पडते. रस्ता उत्तम, परंतु वळणावळणांचा. मोटारीने दीड तास धरावा. सार्वजनिक बसगाड्यांच्या वेळा बोटीच्या वेळांशी जुळतीलच असे नाही, म्हणून मोटार ठरवावी किंवा बोटीच्या कंपनीची सहल घ्यावी. कंपनीची सहल महाग पडते; परंतु तिला उशीर झाल्यास बोट सहसा खोळंबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ती थांबत नाही. मग पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते आणि परदेशात व्हिसाचा प्रश्नही उभा राहतो. पासपोर्टाची प्रत व बोटीच्या स्थानिक एजंटाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात असावा.

तिसरी गोष्ट वारा. १९७१ साली सुरू झालेला येथील रोपवे २,३५६ मीटरांवरून ३,५५५ मीटरांपर्यंत आठ मिनिटांत नेतो. त्याची तिकिटे ठरावीक वेळेची असून आगाऊ काढावी लागतात. वारा जोराचा असला किंवा बर्फ साचले, की तो बंद ठेवतात. बंदरातून पाहता डोंगर ढगांत बुडालेला दिसला, तर मात्र निराश होऊ नये. ईशान्येकडील व्यापारी वाऱ्यांमुळे ढगांचा थर बहुधा मधल्या उंचीवरच अडतो. मोटार तो भेदून वर गेली, म्हणजे निरभ्र आकाश आणि पायाखाली ढगांचा समुद्र, असे दृश्य दिसते. उलट, खाली लख्ख ऊन असूनही वर सोसाट्याचा वारा असू शकतो. म्हणून त्या सकाळी रोपवेकडूनच खात्री करून घ्यावी. वरच्या स्थानकापासून खुद्द माथा अजून एकशे साठ मीटर उंच राहतो. त्या वाटेवर मोजक्याच लोकांना आगाऊ परवाना देऊन सोडतात. तो बराच आधी मिळवला नसेल, तर माथ्याचा विचार सोडून द्यावा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रकृती. न्याहारी समुद्रसपाटीवर आणि दुपारपूर्वी साडेतीन हजार मीटरांवर, हा पालट शरीराला साधा नव्हे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोनतृतीयांश असतो. चार पावलांत धाप लागते, डोके हलके होते. हृदयविकाराच्या रुग्णांनी व गर्भवती स्त्रियांनी रोपवेने वर जाऊ नये, हेच श्रेयस्कर. त्रास वाढू लागल्यास एकच उपाय, ताबडतोब खाली उतरणे. थंडी कडक आणि ऊन त्याहून तीव्र असते. लोकरीचे कपडे, टोपी, काळा चष्मा व पाणी बरोबर असावे.

चार पिढ्यांच्या कुटुंबाने म्हणूनच सर्वांनी मिळून वर जाण्याचा हट्ट धरू नये. आजी-आजोबांनी सांता क्रूझहून ट्रामने ला लागुनास जावे. हे जुने शहरही १९९९ पासून जागतिक वारशात गणले जाते. ज्यांना मोटारीचा घाट मानवतो पण रोपवे नको, त्यांनी कान्यादासच्या विस्तीर्ण पठारावर थांबावे. मात्र तेही सुमारे दोन हजार मीटर उंच आहे, हे विसरू नये. तेथील लाव्हाचे विचित्र सुळके आणि मे-जूनमध्ये फुलणारे तांबडे ताजिनास्ते यांसाठीच तो घाट चढण्यासारखा आहे. प्रकृतीने धडधाकट असतील, त्यांनीच वर जावे. कोणाला ‘तुला झेपणार नाही’ असे डोंगरावर ऐकवण्यापेक्षा ही वाटणी आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर गोडीने व्हावी.

आणि दीड वाजला, की परत फिरावे. रोपवेची रांग अजून लांब असली तरी, ढग नुकतेच हटू लागले असले तरी. हुम्बोल्टला पर्वताने जे शिकवले, ते एकट्या माथ्यावर नव्हे, तर चढणीवर पावलोपावली शिकवले. केळीच्या बागांपासून पाइनच्या अरण्यापर्यंत आणि तेथून उघड्या काळ्या खडकापर्यंतचा तोच पालट मोटारीच्या खिडकीतूनही दिसतो. डोळे उघडे ठेवणाऱ्याचे शिखर एखादे वेळी हुकेल. पर्वत हुकणार नाही.