टुकटुके की दणके?

आमेरच्या किल्ल्यावरून उतरलो, तर मावठा तलावाच्या अलीकडे पोरं टेनिस बॉलवर खेळत होती. एकाने पहिला चेंडू पार झाडीत भिरकावला आणि दुसऱ्यावर त्रिफळा उडवून घेतला. त्याच्या जागी आलेला मात्र एकेक धाव पळत राहिला, तर त्याच्याच संघातले त्याच्या नावाने बोटं मोडू लागले. त्यांचं बरोबर होतं का? मांडून पाहू.

समजा, टुकटुके दर चेंडूला एक धाव काढतो आणि कधीच बाद होत नाही. दणके एकतर षटकार मारतो, नाहीतर बाद होतो, शक्यता निम्मी-निम्मी. अकराही टुकटुके असले तर २० षटकांत १२० धावा. अकरा दणके असले तर दहा विकेट जाईपर्यंत सरासरी १० षटकार, म्हणजे ६० धावांत खेळ खल्लास. पण तीनपैकी दोन फटके जमू लागले की षटकार २० आणि धावा त्याच १२०. चारपैकी तीन जमले तर १८०, अवघ्या ४० चेंडूंत!

आता नेहमीच्या, १६० धावा करणाऱ्या संघात एकेकाला सोडा. टुकटुके ६० चेंडूंत ६० करतो. संघाच्या वेगाने त्या ८० झाल्या असत्या. नाबाद राहून गड्याने वीस धावा घालवल्या. वाचवलेली विकेट पुढच्या सामन्याला थोडीच नेता येते? निम्मे फटके जमणारा दणके सरासरी दोन चेंडूंत सहा धावा देतो आणि एक विकेट खातो. ती विकेट सलामीला महाग, अठराव्या षटकात जवळजवळ फुकट.

खरा टुकटुकेही होऊन गेला. १९७५च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ३३४ धावांसमोर सुनील गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६. भारत ६० षटकांत ३ बाद १३२. सात विकेट तशाच शिल्लक.

बेसबॉलमध्ये मात्र टुकटुके देव ठरला असता. तिथे डाव चेंडूंवर नाही, बाद होण्यावर संपतो: डावात तीन, नऊ डावांत २७. बाद न होणारे नऊ जण असले तर डाव संपतच नाही. २००४ साली बॅरी बाँड्स दर दहांत सहा वेळा बाद न होता तळावर (बेसवर) पोचला. त्याचा फटका इतका धास्तीचा, की १२० वेळा समोरच्या संघाने त्याला मुद्दाम पहिला तळ देऊन टाकला. आपलं कसोटी क्रिकेट या हिशेबाच्या जवळचं. म्हणून तिथे ३१,२५८ चेंडू खेळलेला राहुल द्रविड ‘भिंत’ म्हणून मिरवला.

आणि दणके? २८ एप्रिल २०२५, जयपूरचं सवाई मानसिंग स्टेडियम, आयपीएलचा सामना. १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीच्या ३८ चेंडूंत १०१ धावा: ११ षटकार, ७ चौकार. म्हणजे १८ चेंडूंत ९४ आणि उरलेल्या २० चेंडूंत फक्त ७. त्याच्या राजस्थान रॉयल्सने २१० धावांचं लक्ष्य २५ चेंडू राखून गाठलं. त्याचं शतक झालं तेव्हा राजस्थानचा प्रशिक्षक, पायाला दुखापत झालेला, चाकाच्या खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला. तो प्रशिक्षक म्हणजे द्रविड.