हेन पार्टी? चलो तुळजापूर!

लग्न ठरलं रे ठरलं की मित्रमंडळींचा पहिला प्रश्न असतो, 'पार्टी कुठे?' पूर्वी हा प्रश्न फक्त मुलांना विचारला जायचा. आता मुलीही मागे नाहीत. ब्रिटनमध्ये याला हेन पार्टी म्हणतात, अमेरिकेत बॅचलरेट. नवरी आणि तिच्या मैत्रिणी, बस्स! ना नवरा, ना काकू-मावश्या. कल्पना अगदीच परकी नाही बरं का. मंगळागौरीला रात्रभर जागून झिम्मा-फुगडी घालणाऱ्या आपल्या आज्या दुसरं काय करत होत्या? फरक इतकाच, त्यांची धमाल लग्नानंतर व्हायची, आपली आधी.

आमच्या पाचजणींच्या ग्रुपमधलं पहिलं लग्न ठरलं आणि पार्टीचं प्लॅनिंग माझ्याकडे आलं. कारण? 'तुला एक्सेल येतं ना, मग तूच कर!'

प्लॅन ए : अ‍ॅमस्टरडॅम

'क्वीन'मधली राणी २०१४ मध्ये हनीमूनला एकटी पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम फिरून आली, २०२१ च्या 'झिम्मा'तल्या बायका इंग्लंडला जाऊन आल्या. मग आम्हीच काय घोडं मारलंय? शिवाय होणारा नवरा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरीला. नोव्हेंबरअखेर लग्न, की आमची मैत्रीण तिकडेच. 'मग आत्ताच जाऊन येऊ, तिचं नवं घरही बघून होईल,' असा सूर लागला.

मी हिशेबाला बसले. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो. पाचजणींचे झाले ४५०, आणि व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोंचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स. बँक स्टेटमेंट, ऑफिसचं सुट्टीचं पत्र, बोटांचे ठसे. हे सगळं विमानाचं तिकीट धरायच्या आधी! आणि गंमत म्हणजे ती शहरंच आता पार्टीवाल्यांना कंटाळलीत. अ‍ॅमस्टरडॅमने २०१७ मध्ये शहराच्या मध्यभागातून 'बिअर बाइक' हद्दपार केल्या. प्रागने २०२४ मध्ये रात्री दहानंतरच्या गाइडेड पब टूरवर बंदी आणली.

एक्सेल शीट ग्रुपवर टाकली. दोन थम्स-अप आले. तिसरीने लिहिलं, 'मला सुट्टी मिळणं कठीण आहे गं, तुम्ही जा.' ती लातूरला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. अडचण सुट्टीची नव्हती, हे सगळ्यांना कळलं. बोललं कोणीच नाही.

शेवटी नवरीच बोलली. 'अगं, युरोप मला आता रोजच बघायचाय, आणि तिथे तुम्ही नसणार. मला तुम्ही चौघी हव्यात, शहर कुठलंही चालेल. तसंही आईने पहिली पत्रिका तुळजापूरला ठेवायला सांगितलीय.'

मग काय, मीटिंग संपली!

प्लॅन बी : धाराशिव

ठरलं ते असं. पुण्याहून सोलापूर साधारण २५० किलोमीटर, शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं आणि तिथेच मुक्काम. लातूरवाली एसटीने तुळजापूरला पोचणार, तिला शनिवारी सकाळी तिथून उचलायचं आणि थेट नळदुर्ग.

नळदुर्गचा किल्ला पाहिला नसेल तर सांगते, रोमँटिक म्हणायला युरोपच लागतो असं नाही. किल्ल्यातच बोरी नदीवर धरण आहे आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात चक्क महाल! हा पाणीमहाल सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नदी भरून वाहते तेव्हा सांडव्यांवरून 'नर' आणि 'मादी' असे दोन धबधबे कोसळतात. आम्ही गेलो सप्टेंबरच्या पहिल्या वीकएंडला, दोन्ही जोरात होते. बाकी युरोपियनही इथे राहून गेलेत! 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही १८३९ ची गाजलेली कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर १८५० च्या दशकात नळदुर्गला कारभार बघायला होता.

रात्रीचा मुक्काम तुळजापूरला. साध्या लॉजमध्ये जमिनीवर ओळीने पाच गाद्या. आधी गाण्याच्या भेंड्या, मग सासरच्यांच्या नकला, आणि एकच्या सुमाराला नवरी एकदम म्हणाली, 'इथली नोकरी सोडतेय. तिकडे मला काम कधी मिळेल, कोण जाणे. नुसतीच कुणाची तरी बायको होऊन बसले तर?' सगळ्या गप्प. तेवढ्यात लातूरवाली म्हणाली, 'घाबरू नको. तासिका तत्त्वावर जगायचं कसं, ते मी शिकवते तुला.' हसता हसता दोघीही रडल्या. जिला आम्ही मागे सोडून निघालो असतो ना, तिच्याचकडे त्या रात्रीचं उत्तर होतं.

रविवारी पहाटे दर्शन, देवीपुढे पत्रिका, आणि धाराशिव शहरावरून तेर. तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं. इथला माल बैलगाड्यांनी भडोचला आणि तिथून जहाजाने थेट रोमन जगात! १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरलाही मिळालीय. लामतुरे संग्रहालयात हे ऐकून आमची बँकवाली म्हणाली, 'बघ, तुझ्याआधी इकडची एक तिकडे पोचलीसुद्धा. तीही बिनव्हिसा!'

तुम्हीही प्लॅन करताय? मग हे लक्षात ठेवा

• आधी बजेट, मग ठिकाण. आकडा ग्रुपवर विचारू नका, प्रत्येकीला वेगळं विचारा. सगळ्यात लहान आकडा, तोच सगळ्यांचा.

• तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात प्रचंड गर्दी असते. वेळ कमी असेल तर हे दिवस टाळा.

• नळदुर्गचे धबधबे बोरी भरून वाहिली तरच दिसतात. निघण्याआधी चौकशी करा. आणि सेल्फीसाठी कठड्यावर चढू नका, नवरीला लग्नाला उभं राहायचंय!

• भेट म्हणून तुळजापूरची कवड्यांची माळ बेस्ट. येताना कुंथलगिरीचे पेढे मिळाले तर सोडू नका.

• युरोपलाच जायचंय? जरूर जा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत आला तर उशीर झाला.

• आणि जागा कुठलीही असो, एक रात्र पूर्ण मोकळी ठेवा. गेम नको, थीम नको, हॅशटॅग नको. जे बोलायचं असतं, ते रात्री एकनंतरच बाहेर येतं.