दोन यंत्रं, दोन उत्तरं

भाऊबीजेला नंदुरबारहून गाडीने सुरतेला, उधन्यात राहणाऱ्या ताईकडे गेलो होतो. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपली खानदेशी माणसं इतकी, की रिक्षात बसेपर्यंत अहिराणी कानावर पडतेच. ताई घरबसल्या साड्यांना लेस लावते. भाचा महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीला आहे. आईचा हिशेब तोच ठेवतो.

त्या दिवशी सहा रुपये मजुरीच्या ४० साड्या झाल्या होत्या आणि नऊ रुपयांच्या २५. भाच्याने वडिलांच्या कॅलक्युलेटरवर सगळे आकडे ओळीने दाबले आणि ओरडला, "आई, दोन हजार तीनशे पंच्याऐंशी!"

ताई सुईत दोरा ओवत होती. मान वर न करताच म्हणाली, "एवढे कुठले रे? साडेचारशेच्या जरा पुढं असतील."

त्याने तेच आकडे तिच्या मोबाइलवर दाबले. उत्तर आलं ४६५.

"मामा, यातलं बिघडलंय कोणतं?"

बिघडलं कोणतंच नव्हतं. साधं कॅलक्युलेटर आकडे येतील तसा हिशेब करत जातं. त्याने २४० मध्ये २५ मिळवले आणि त्या २६५ ला नऊने गुणलं. मोबाइलने आधी दोन्ही गुणाकार केले, मग बेरीज. चौथीपर्यंतच शिकलेल्या ताईपुढे मात्र साड्यांचे दोन वेगळे ढीग होते. या वेळी उत्तर फुगलं म्हणून हसण्यावारी गेलं. कमी आलं असतं तर?

प्राथमिक शाळेत कॅलक्युलेटर द्यावा का, हा वाद जुना आहे. अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८० साली तो सर्व इयत्तांत वापरावा असं सुचवलं. इंग्लंडने २०१४ पासून अकरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय परीक्षेतून तो काढला. मला विचाराल तर पाढे पक्के होईपर्यंत तो लांबच बरा. पुढे खुशाल द्यावा, पण आधी अंदाज वहीत लिहायचा आणि मगच कळ दाबायची. (आमच्या कॉलेजातल्या पोरांनाही ही अट घालायला हवी!)

रात्री भाच्याला म्हटलं, "समज, नऊची कळ मोडली. आता सत्तावीस नव्वे काढ."

बराच वेळ गप्प बसला. मग २७ ला दहाने गुणलं, त्यातून २७ वजा केले. २४३!

लगेच मलाच विचारतो, "आणि मामा, शून्याची कळ मोडली तर आईच्या चाळीस साड्यांचे पैसे कसे काढायचे?"