आवाज कोणाचा?

‘सिंगिंग इन द रेन’ची जन्मकथा उलटी आहे. इथे गाणी आधी होती, गोष्ट नंतर आली. एमजीएमचे निर्माते आर्थर फ्रीड हे मूळचे गीतकार. त्यांनी नॅसिओ हर्ब ब्राउन यांच्या संगीतात लिहिलेली जुनी गाणी वापरायची ठरली आणि बेटी कॉम्डेन व अ‍ॅडॉल्फ ग्रीन या जोडीला ती गुंफणारी कथा लिहायला सांगितली. बरीचशी गाणी बोलपटाच्या सुरुवातीच्या काळातली, म्हणून कथाही त्याच काळात नेली.

1952चा हा चित्रपट पाहताना सगळं किती सहज वाटतं! पण पावसाच्या त्या गाण्यात नायक आणि सहदिग्दर्शक जीन केलीच्या अंगात 103 अंश फॅरनहाइट ताप होता. स्टुडिओतल्या उघड्या रस्त्यावर काळी ताडपत्री ताणून भरदिवसा रात्र केली होती. केलीचा पाय नेमका जिथे पडायचा, तिथेच डबकी खणली होती. पाण्यात दूध मिसळल्याची कथा अजून सांगितली जाते, पण ती खरी नाही. थेंब दिसतात ते मागून टाकलेल्या उजेडामुळे.

नायिका डेबी रेनॉल्ड्स तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची. जिम्नॅस्टिक्स येत होतं, नाच नव्हता. ‘गुड मॉर्निंग’चं चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत चाललं, तेव्हा तिचे पाय रक्ताळले होते. केलीची शिस्त मोठी होती हे मान्य. तरी इतक्या कोवळ्या मुलीला इतकं राबवणं मला आजही खुपतं.

आणि आवाजाचं काय? चिरक्या आवाजाच्या लीना या नटीला पडद्याआडून कॅथी आवाज देते, ही कथेची कळ. कॅथी म्हणजे डेबी. प्रत्यक्षात कॅथी लीनाचे संवाद म्हणताना जो भारदस्त स्वर ऐकू येतो, तो लीना झालेल्या जीन हेगनचाच. तिचा खरा आवाज मुळात सुरेख होता. ‘वुड यू?’ हे गाणं तर दोघींपैकी कोणीच गायलेलं नाही. ते बेटी नोइस यांनी गायलं.

पार्श्वगायन आपल्याला नवं नाही. लता मंगेशकरांचं नाव इथे कुठल्याही नटीइतकंच मोठं झालं. आवाज देणारीला अखेर तिचं श्रेय मिळतं, असं सांगणाऱ्या या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र बेटी नोइस यांचं नाव नाही.