खातरजमा की नुसता सोपस्कार?

कार्यालयातील संगणकावर एखादी फाईल, नोंद किंवा ग्राहकाचे खाते पुसण्याचा आदेश दिला, की पडद्यावर एक छोटी चौकट उगवते. ‘तुमची खात्री आहे का?’ असा प्रश्न आणि त्याखाली ‘होय’ व ‘नाही’ अशी दोन बटणे. अनवधानाने होणाऱ्या नुकसानीविरुद्ध बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असलेला बंदोबस्त एवढाच. पुढे कधी महत्त्वाची माहिती नाहीशी झाली, की चौकशीत कर्मचाऱ्यालाच विचारले जाते, ‘संगणकाने विचारले होते ना? मग होय का म्हटलेत?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. न वाचता ‘होय’ म्हणण्याची सवय त्या कर्मचाऱ्याला बहुतेक वेळा त्या चौकटीनेच लावलेली असते.

हाताला लागलेली सवय

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नित्य वापरातील वस्तूंच्या रचनेविषयीच्या आपल्या १९८८ सालच्या पुस्तकात मानवी चुकांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिल्या प्रकारात हेतू बरोबर असतो, पण हात भलतीकडे जातो. दुसऱ्या प्रकारात हात हेतूप्रमाणेच चालतो, पण हेतूच चुकीच्या समजुतीवर उभा असतो. खातरजमेची नेहमीची चौकट या दोहोंपैकी कोणत्याच चुकीला आवर घालू शकत नाही.

समजा, एका कारकुनाला यादीतील सातवी नोंद पुसायची आहे आणि त्याच्याकडून आठवी निवडली गेली. चौकट येते. नोंद पुसायची की नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नसतेच. म्हणून तो ‘होय’ म्हणतो. कोणती नोंद, हे चौकटीने सांगितलेले नसते आणि त्यानेही पाहिलेले नसते. दुसऱ्या कारकुनाने योग्य तीच नोंद निवडली आहे, पण ती आता निरुपयोगी आहे हा त्याचा समजच चुकीचा आहे. त्याला खात्री आहे का, असे विचारले तर तोही प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणणार. त्यात दिवसातून शंभर वेळा तीच चौकट, त्याच जागी, त्याच शब्दांत येत असेल आणि नव्याण्णव वेळा ‘होय’ हेच उत्तर योग्य ठरत असेल, तर शंभराव्या वेळी डोळ्यांच्या आधी बोट उत्तर देते. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे; माणसाची कार्यक्षमता अशीच घडत असते.

तिघांची संमती, तरीही घोटाळा

ही गोष्ट केवळ फाईल पुसण्यापुरती नाही. परत न घेता येणारी कोणतीही कृती या नियमात बसते. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतील सिटी बँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जावरील सुमारे ७८ लाख डॉलरचे व्याज धनकोंना पाठवायचे होते. प्रत्यक्षात व्याजाबरोबर मुद्दलाचे सुमारे ८९ कोटी ४० लाख डॉलर बँकेच्या स्वतःच्या पैशातून निघून गेले. हा व्यवहार फ्लेक्सक्यूब या प्रणालीतून झाला. मूळची आय-फ्लेक्स या मुंबईस्थित कंपनीची ही प्रणाली पुढे ओरॅकलकडे गेली. मुद्दल बँकेतच अडवून ठेवण्यासाठी तीन रकाने भरणे आवश्यक होते. भरला गेला एकच.

एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची आणि तिसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी तिहेरी व्यवस्था तेथे होती. पडद्यावर इशाराही आला होता. पैसे बँकेबाहेर जाणार आहेत, पुढे जायचे का, असे त्यात विचारले होते. किती पैसे, हे मात्र त्यात नव्हते. व्याज बाहेर जाणारच होते, त्यामुळे तो इशारा कोणालाही खटकला नाही. सुमारे ५० कोटी डॉलर परत करण्यास धनकोंनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. तिघांनी एकाच अपुऱ्या पडद्याकडे पाहिले, तर तिघांची मिळून एकच चूक होते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

अॅटलासियन या ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअर कंपनीत ५ एप्रिल २०२२ रोजी याहून सरळ अपघात घडला. एक जुनी उपप्रणाली ग्राहकांच्या संकेतस्थळांवरून काढून टाकायची होती. ज्या गटाला काम सोपवले होते, त्याच्याकडे उपप्रणालीच्या क्रमांकांऐवजी संपूर्ण संकेतस्थळांचे क्रमांक गेले. पुसणाऱ्या यंत्रणेला दोन्ही प्रकारचे क्रमांक चालत होते आणि आपण नेमके काय पुसत आहोत, हे ती सांगत नव्हती. सुमारे २३ मिनिटांत ७७५ ग्राहकांची ८८३ संकेतस्थळे पुसली गेली. ती सर्व पूर्ववत व्हायला १८ एप्रिल उजाडला.

खरी खातरजमा कशी असावी?

यावर उपाय म्हणून आणखी चौकटी वाढवणे, हा पहिला मोह असतो. तो टाळला पाहिजे. प्रश्नांची संख्या वाढली की प्रत्येक प्रश्नाचे वजन घटते. खातरजमा विरळ हवी, नेमकी हवी आणि संभाव्य नुकसानीच्या प्रमाणात थोडी कष्टाची हवी.

नेमकी म्हणजे कशी? ‘तुमची खात्री आहे का?’ याऐवजी चौकटीने वस्तुस्थिती सांगावी: ‘नाशिक शाखेच्या ४१२ ग्राहकांच्या नोंदी कायमच्या पुसल्या जातील.’ बारा नोंदी पुसायला बसलेल्या माणसाला ४१२ हा आकडा खडबडून जागे करतो. बटणांवर ‘होय’ आणि ‘नाही’ असे न लिहिता ‘४१२ नोंदी पुसा’ आणि ‘राहू द्या’ असे लिहावे, म्हणजे प्रश्न न वाचणाराही निदान बटण वाचतो. एंटर दाबताच सुरक्षित पर्याय निवडला जावा, धोक्याचा नव्हे.

अतिशय गंभीर कृतीसाठी एका ‘क्लिक’वर भागवू नये. प्रोग्रॅमर मंडळींच्या परिचयाच्या गिटहब या संकेतस्थळावर एखादा संपूर्ण प्रकल्प पुसायचा, तर त्याचे नाव स्वतः टाईप करावे लागते. यात बोटांची सवय मोडते, कारण प्रत्येक वेळी उत्तर वेगळे असते. रेल्वेत ही युक्ती जुनीच आहे. लांब पल्ल्याच्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसताच तो मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात. मान डोलावणे झोपेतही जमते. नाव घ्यायचे तर पाहावेच लागते.

काही ठिकाणी तर विचारूच नये, थेट नकार द्यावा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉनच्या माहिती साठवणूक सेवेत एका आदेशातील चुकीमुळे ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर बंद झाले आणि असंख्य संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्यानंतर कंपनीने आपल्या साधनात बदल केला. सर्व्हर आता सावकाश काढले जातात आणि किमान क्षमतेच्या खाली जाणारा आदेश यंत्रणा स्वीकारतच नाही.

परतीची वाट

तथापि, उत्तमातील उत्तम प्रश्नालाही मर्यादा आहे. ज्याचा हेतूच चुकीच्या समजुतीवर उभा आहे, त्याला चूक उमगते ती कृती झाल्यानंतर. म्हणून खरा दिलासा परतीच्या वाटेत आहे. अॅपलच्या लिसा या संगणकावर १९८३ मध्येच कचऱ्याच्या टोपलीचे चित्र होते. विंडोज ९५ मुळे ‘रिसायकल बिन’ घरोघरी पोहोचले. जीमेलमध्ये पुसलेले पत्र ३० दिवस कचरापेटीत राहते आणि पाठवलेले पत्र जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत मागे घेता येते. अशी सोय असेल तेथे प्रश्न विचारून काम अडवण्याची गरजच उरत नाही.

आपल्या हिशेबनीसांना हे तत्त्व संगणकाच्या फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खतावणीत खाडाखोड चालत नसे. चुकीच्या नोंदीवर वाचता येईल अशी रेघ मारायची, शेजारी सही करायची आणि खाली नवी नोंद घालायची, ही शिस्त होती. टॅलीमध्येही व्हाउचर ‘डिलीट’ करणे आणि ‘कॅन्सल’ करणे हे दोन वेगळे पर्याय आहेत. कॅन्सल केलेल्या व्हाउचरचा क्रमांक नोंदीत कायम राहतो. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारखेनिशी माग ठेवणे आणि तो बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. अर्थात, काहीच कधी पुसू नये असाही याचा अर्थ नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात आपली माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद आहे. तेव्हा आधी नोंद नजरेआड करावी, ठरावीक मुदत ठेवावी आणि मुदत संपली की ती खरोखर नष्ट करावी, हा मध्यममार्ग होय.

शेवटचा आधार बॅकअपचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर द्यायचा आदेश मुख्य सर्व्हरवर दिला. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने तो थांबवला, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाईटपैकी ४.५ गिगाबाईटच शिल्लक होते. नित्याचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता आणि त्याची सूचना देणाऱ्या ई-मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावले. बॅकअप आहे की नाही, हे तो परत उतरवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गिटलॅबने पुढे जे केले, ते अधिक अनुकरणीय आहे. कंपनीने सारा घटनाक्रम जाहीर केला, अभियंत्यावर खापर फोडले नाही आणि मुख्य व दुय्यम सर्व्हरचे पडदे दिसताक्षणी वेगळे ओळखू यावेत, अशी सुधारणा हाती घेतली. आपल्या कार्यालयात सॉफ्टवेअर घेताना किंवा करून घेताना व्यवस्थापनाने पुरवठादाराला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. यातील कोणत्या कृती परत घेता येत नाहीत? पुसलेली नोंद किती दिवस परत मिळते आणि ती कोण मिळवून देतो? बॅकअप शेवटचा कधी उतरवून पाहिला? याची उत्तरे मिळत नसतील, तर पडद्यावरची ती चौकट कर्मचाऱ्याच्या कामाचे रक्षण करीत नाही, असे समजावे. नुकसान झाल्यावर दोष कोणाच्या माथी मारायचा, एवढीच सोय ती करून ठेवते.