मुख्यमंत्री : अधिकार कीं ठेव ?

निवडणुकीचे दिवस आले कीं घरोघरीं रात्रीच्या पंक्तींत एकच प्रश्न निघतो : 'यंदा मुख्यमंत्री कोण होणार ?' आजोबांचें मत एक, नातवाचें दुसरें, आणि स्वयंपाकघरांतून तिसरेंच मत ऐकूं येतें. या वादांत एक समजूत मात्र बहुधा सर्वांची सारखी असते. ती ही कीं, मुख्यमंत्री आपण निवडतों. वस्तुतः आपण निवडतों तो आपल्या मतदारसंघाचा आमदार. मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, आणि तो पदावर राहतो तो विधानसभेच्या विश्वासावर. हा भेद दिसावयास लहान आहे. परंतु या पदाचें सारें मर्म त्यांतच सांठविलेलें असल्यामुळें त्याचें थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुख्य प्रधान ही कल्पना आपणांस नवी नव्हे. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकसमयीं मोरोपंत पिंगळे हे अष्टप्रधानांत मुख्य प्रधान होते. परंतु प्रधान जाब देत तो छत्रपतींस, रयतेस नव्हे. पुढें इंग्रजी अमलांत १९१९ च्या कायद्यान्वयें १९२१ पासून प्रांतांत द्विदल राज्यपद्धति सुरू झाली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशीं खातीं कायदेमंडळाच्या सभासदांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आलीं. पण तिजोरी व पोलीस हीं खातीं गव्हर्नरानें आपल्याच ताब्यांत ठेविलीं. संसार सुनेनें करावा आणि कोठीच्या किल्ल्या मात्र सासूनें सोडूं नयेत, तशांतलाच हा प्रकार होता !

खरा पालट झाला तो १ एप्रिल १९३७ रोजीं. १९३५ च्या कायद्याप्रमाणें प्रांतिक स्वायत्तता आली. प्रांताच्या प्रमुख मंत्र्यासही त्या काळीं इंग्रजींत 'प्राइम मिनिस्टर' असेंच म्हणत. मुंबईच्या १७५ जागांच्या विधानसभेंत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या होत्या. परंतु गव्हर्नरानें आपले खास अधिकार वापरून मंत्र्यांच्या कामांत ढवळाढवळ करूं नये, असें आश्वासन मिळाल्यावांचून अधिकार स्वीकारावयाचा नाहीं, असें काँग्रेसनें ठरविलें. तेव्हां सर धनजीशा कूपर यांचें मंत्रिमंडळ स्थापन झालें; पण पाठीशीं बहुमत नसल्यामुळें तें चार महिनेही टिकलें नाहीं. १९ जुलै १९३७ रोजीं बाळासाहेब खेर यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. पुढें १९३९ सालीं हिंदी लोकांचें मत न घेतांच सरकारनें हिंदुस्थानास महायुद्धांत ओढलें, तेव्हां नोव्हेंबरांत खेर मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडलें. कूपर यांस पद होतें, बहुमत नव्हतें. खेर यांनीं बहुमत असतां पद सोडलें. या पदाचा पहिला धडा आपल्या प्रांतास अडीच वर्षांतच मिळाला, असें आम्हांस वाटतें.

खेर हे १९४६ सालीं पुन्हां अधिकारावर आले व १९५२ पर्यंत राहिले. दरम्यान १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली व प्रत्येक प्रौढास मताचा हक्क मिळाला. घरांतील कर्त्या पुरुषाचें मत एक, आणि धाकट्या सुनेचेंही एकच ! पण मुख्यमंत्री ठरण्याची रीत मात्र अप्रत्यक्षच राहिली. १९५२ सालीं मोरारजी देसाई स्वतःच्या मतदारसंघांत अवघ्या १९ मतांनीं पडले, तरीही मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. कारण सभागृहांतील बहुमताच्या पक्षाचा त्यांच्यावर विश्वास होता. मात्र अशा मंत्र्यानें सहा महिन्यांच्या आंत विधिमंडळाचें सभासदत्व मिळविलेंच पाहिजे, असा घटनेचा दंडक आहे.

या पदाचे अधिकार मोठे आहेत. मंत्री कोणास करावें व कोणतें खातें कोणास द्यावें, हें मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यानें ठरतें. त्यानें राजीनामा दिला कीं सारें मंत्रिमंडळ जातें. तथापि मर्यादाही आहेत. २००३ च्या घटनादुरुस्तीनें मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या शेंकडा १५ हून अधिक नसावी असें ठरलें. महाराष्ट्राच्या २८८ जागांच्या हिशेबानें ती संख्या मुख्यमंत्र्यासह ४३ होते. बहुमत आहे कीं नाहीं हें राजभवनांत नव्हे, सभागृहांतच पाहावें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालीं बोम्मई खटल्यांत सांगितलें.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें व यशवंतराव चव्हाण त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. वसंतराव नाईक यांनीं १९६३ पासून १९७५ पर्यंत सलग अकरा वर्षांहून अधिक काळ हें पद सांभाळलें. उलट नोव्हेंबर २०१९ मध्यें देवेंद्र फडणवीस यांनीं २३ तारखेस शपथ घेतली आणि सभागृहांत बहुमत पाहिलें जाण्यापूर्वींच २६ तारखेस राजीनामा दिला. दोहोंच्या मुळाशीं नियम एकच : विश्वास आहे तोंवर पद आहे.

मग हा विश्वास आमदारानें मध्येंच दुसरीकडे नेला तर काय ? १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाला. तरीही वाटा बुजल्या नाहींत, हें गेल्या कांहीं वर्षांत आपण पाहिलेंच आहे. कायद्याची भिंत जेथें अपुरी पडते तेथें माणसाचें शील उपयोगी पडतें. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याविषयीं आपण म्हणतों कीं, घर त्याच्या मालकीचें नव्हे, तो केवळ राखणदार आहे. मुख्यमंत्र्याचें पदही अशीच ठेव होय. भेद इतकाच कीं, ती ठेव आपण आमदाराच्या हातून त्याच्यापर्यंत पोंचवितों. तेव्हां पंक्तींतला प्रश्न थोडा बदलावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. मुख्यमंत्री कोण होणार, हें खुशाल विचारावें. पण आपण ज्याच्या हातीं ही ठेव देतों तो माणूस कसा आहे, हें त्याच्या आधीं विचारावें.