ब्रेकच्या बूस्टरमध्ये तेल शिरते तेव्हा

कोल्हापूरची शाहूपुरी ही राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली पेठ. कोल्हापुरातून माल घेऊन कोकणात जायचे, तर करूळ, आंबा किंवा फोंडा यांसारखा एखादा घाट उतरावाच लागतो. घाटात चालकाचा पाय वरचेवर ब्रेकवर जातो. भरलेला टेंपो एका पायाच्या जोरावर कसा आवरतो? मोठ्या ट्रकना दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. पण जीप, मोटारी आणि लहान टेंपो यांपैकी पुष्कळ गाड्यांत चालकाच्या मदतीला व्हॅक्यूम बूस्टर असतो. या बूस्टरचा एक मोठा शत्रू म्हणजे इंजिनाचे वंगण तेल. तो आत कसा शिरतो आणि त्याला कसे रोखायचे, ते पाहू या.

हवेची मदत

ब्रेकचे पायडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये पत्र्याचा एक चपटा, गोल डबा असतो. हाच बूस्टर. आतील रबरी पडद्यामुळे त्याचे दोन कप्पे होतात. इंजिन चालू असून पाय ब्रेकवर नसतो, तेव्हा दोन्ही कप्प्यांतील बरीचशी हवा काढून घेतलेली असते. पायडल दाबले की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते. पुढच्या कप्प्यात मात्र हवा विरळच राहते. मागची हवा पडद्याला पुढे रेटते आणि पडदा मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलतो.

हे बळ किती? समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो; कोल्हापूरच्या उंचीवर तो सुमारे ७१० मिलिमीटर भरतो. समजा, दोन कप्प्यांतील दाबाचा फरक ५०० मिलिमीटर, म्हणजे ५० सेंटिमीटर आहे. पाऱ्याची घनता १३.६ असल्याने दर चौरस सेंटिमीटरवर ५० × १३.६ = ६८० ग्रॅम भार पडेल. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. एकूण भार झाला सुमारे २१३ किलोग्रॅम!

तेल येते कोठून?

पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की हवेच्या वाटेवरील झडप मिटत येते आणि तिच्या पुढील भागात हवा विरळ होते. बूस्टरची नळी तेथे जोडतात. डिझेल इंजिनात सहसा अशी सोय नसल्याने वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी असतो. त्याची पाती झिजू नयेत आणि फटींतून हवा मागे येऊ नये, म्हणून त्याला इंजिनाचेच तेल पुरवतात.

पंप चालू असताना हवा बूस्टरकडून पंपाकडे वाहते. इंजिन बंद केले की चित्र उलटते. पंपातील दाब बाहेरच्या हवेइतका होतो. बूस्टरमध्ये मात्र हवा विरळच असते. पंपाकडची हवा बूस्टरकडे धाव घेते आणि वाटेतले तेलही पुढे ढकलू पाहते. तिला अडवते ती नळीवरील एकमार्गी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.

बूस्टर पंपाच्या वर असला, तर तेल एवढे चढेल का? वरचाच ६८० ग्रॅमचा दाब घ्या. तेलाची घनता सुमारे ०.८८ असते. ६८० ÷ ०.८८ म्हणजे सुमारे ७७० सेंटिमीटर! साडेसात मीटरहून उंच तेल चढवण्याची ताकद या दाबात आहे. नळी तर जेमतेम मीटरभर. तेव्हा खरा पहारेकरी उंची नव्हे, झडप होय.

रबराचे वैर

आत गेलेले तेल अनेक प्रकारच्या रबरात मुरते. रबर फुगते, मऊ पडते आणि अखेर फाटते. पडदा फाटला की दाबाचा फरक टिकत नाही. ब्रेक अगदीच नाहीसा होत नाही. पण पायडल दगडासारखे कठीण होते. घाटाच्या वळणावर असे झाले तर काय होईल, हे सांगायला नकोच.

येथे एक शब्द घोटाळा करतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते सहसा ग्लायकॉल वर्गातील द्रव असते, खनिज तेल नव्हे. त्याला चालणारे ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते. तेलात टिकणाऱ्या नायट्राइल रबराला ब्रेकचा द्रव मानवत नाही. म्हणून दोन्ही द्रव आपापल्या जागीच हवेत.

काय काळजी घ्यावी?

१. एकमार्गी झडप वेळोवेळी तपासावी. तिच्यावर बाण असेल, तर तो पंपाकडे किंवा इंजिनाकडे हवा.

२. नळी तेलाला टिकणारी आणि जाड भिंतीची असावी. तिला झोळ पडू देऊ नये. झोळात तेल साचते.

३. पंपातून तेल परत नेणारी नळी तुंबू देऊ नये. इंजिनातील तेल खुणेच्या वर भरू नये.

४. बूस्टरच्या नळीत तेल दिसले, तर केवळ पुसून थांबू नये, कारण शोधावे. रबरी भाग डिझेल, पेट्रोल वा रॉकेलने धुऊ नयेत.

५. ब्रेकच्या टाकीत इंजिनाचे तेल कधीही घालू नये. टाकीतील द्रव कमी होत असून बाहेर गळती दिसत नसेल, तर तो मास्टर सिलिंडरमधून बूस्टरमध्ये झिरपत असण्याची शंका घ्यावी.

तपासणी सोपी आहे. उभ्या गाडीचे इंजिन चालवून बंद करा. काही मिनिटांनी पायडल दाबा. पहिलाच दाब कठीण लागला, तर झडप किंवा पडदा गळत असण्याचा संभव आहे. मग चार-पाच वेळा पायडल दाबा, पाय तसाच ठेवा आणि इंजिन सुरू करा. पायडल किंचित खाली गेले, तर बूस्टर मदत करत आहे. आणि उतारावर इंजिन कधीही बंद करू नये. साठलेली मदत दोन-तीन दाबांतच संपते.

करून पाहा

फुग्याच्या रबराच्या सारख्या दोन पट्ट्या कापा. एक पाण्यात, दुसरी इंजिनाच्या तेलात ठेवा. दोन-तीन दिवसांनी दोन्ही पुसून त्यांची लांबी मोजा आणि हलकेच ताणून पाहा. बूस्टरचा पडदा कोणत्या पट्टीसारखा राहायला हवा, याचे उत्तर तुमच्या हातातच असेल.